कोणाचो रे तू?

आमच्या कुडाळकडच्या घरी खळ्यात कुणी नवखं माणूस येऊन उभं राहिलं की आजी पडवीतूनच विचारायची, "कोणाचो रे तू?" नाव नंतर, काम त्याहून नंतर. समोरच्यानं बापाचं, आजाचं, वाडीचं नाव सांगितलं की तिचा चेहरा निवायचा आणि ती पाणी आणायला आत वळायची. माणूस कुठल्या फांदीवरचा आहे ते एकदा कळलं की तिला पुढचं बोलणं सोपं जायचं.

मी वनस्पतिशास्त्र शिकले आणि पुढं तीस वर्षं शिकवलं. त्यातही वर्गीकरण हा माझा आवडता विषय. मुलांना तो रुक्ष वाटतो, कारण त्यांच्यापुढं तो नावांच्या यादीसारखा येतो. माझ्यापुढं तो आला चाफ्यांच्या वासातून.

आजीकडं चाफे सहा. खळ्याच्या कोपऱ्यात सोनचाफा, तुळशीमागं कवठी चाफा, विहिरीकडं कुंपणावर चढलेला हिरवा चाफा, देवळाच्या वाटेवर देवचाफा आणि नागचाफा, आणि पावसाआधी मातीतून नुसतंच फूल वर काढणारा भुईचाफा. आजीच्या लेखी ही सगळी एका घरातली भावंडं. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असताना मी सुट्टीत भिंग आणि ब्लेड घेऊन घरी आले आणि पडवीच्या पायरीवर एकेक फूल उभं चिरत बसले.

देवचाफा तोडताच देठातून पांढरा चीक आला. पाच पाकळ्या एकमेकींवर पीळ घेतलेल्या, खाली नळी, नळीच्या तळाशी दडलेले पाच पुंकेसर. ही ठेवण कण्हेरीची, सदाफुलीची. भुईचाफा निघाला हळदीच्या कुळातला, नागचाफा उंडीच्या. सोनचाफ्याची गोष्टच निराळी होती. त्याच्यात निदल, म्हणजे पाकळ्यांखालचं हिरवं पातं, कुठलं आणि पाकळी कुठली हे सांगता येत नाही. पुंकेसर ढिगानं, आणि मधोमध एक उभा दांडा, त्यावर इवल्या हिरव्या अंडपी, म्हणजे ज्यांची पुढं फळं होतात त्या कुप्या, मळसूत्रासारख्या फिरत वर गेलेल्या. कवठी चाफाही आत तसाच. म्हणजे सहांपैकी सख्खी भावंडं दोनच. हिरव्या चाफ्यापाशी मात्र मी अडखळले. जाडसर सहा पाकळ्या, तीन बाहेर आणि तीन आत, आणि मध्ये पुन्हा तोच पुंकेसरांचा आणि अंडपींचा गच्च गोळा. पुस्तकात पाहिलं तर कूळ सीताफळाचं.

आजीचं वर्गीकरण चुकीचं होतं, असं मी तेव्हाही म्हटलं नाही. तिनं झाडं वासानं लावली होती, देवाला काय चालतं यावरून लावली होती. 'कसं आहे' या प्रश्नाचं ते उत्तर होतं आणि त्या प्रश्नापुरतं ते चोख होतं. गंमत अशी की माणसांना ती 'कोणाचो' विचारायची आणि फुलांना 'कसा' विचारायची. युरोपातल्या पंडितांनीही शतकानुशतकं फुलांना हेच विचारलं.

सोनचाफ्याचं शास्त्रीय नाव ज्या वाटेनं आलं ती वाट आमच्या बाजूच्या माणसांना ठाऊक असायला हवी, असं मला मनापासून वाटतं. सतराव्या शतकात कोचीला डच कंपनीचा हेन्ड्रिक व्हान रीड हा अधिकारी होता. त्यानं मलबारच्या वनस्पतींवर 'होर्टुस मलाबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. १६७८ ते १६९३ या काळात तो ॲमस्टरडॅमला छापला गेला. या कामात तिघं कोंकणी वैद्य होते, रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट. त्यांच्या समाजाची मुळं गोव्याची. १६७५ साली त्यांनी नागरी लिपीत, कोंकणी भाषेत लिहून दिलेला दाखला पहिल्या खंडात छापलेला आहे. त्यांच्यासोबत होते इट्टी अच्युतन, एळव समाजातले वैद्य. घराण्यात चालत आलेल्या वह्यांमधलं त्यांचं ज्ञान या ग्रंथाचा कणा ठरलं. चित्रांखाली झाडांची नावं लॅटिन, मल्याळम, अरबी आणि नागरी अशा लिप्यांत आहेत. त्यातला 'चंपकम्' पुढं लिनियस या स्वीडिश वनस्पतीतज्ज्ञाच्या टेबलावर पोचला, आणि १७५३ च्या त्याच्या ग्रंथात 'मिशेलिया चंपाका' होऊन बसला. इटलीतल्या मिकेली नावाच्या वनस्पतीतज्ज्ञाचं आडनाव पुढं आणि आपला चंपक मागं.

लिनियसला सगळी सृष्टी कप्प्यांत बसवायची होती. त्यासाठी त्यानं सोपी युक्ती काढली, पुंकेसर मोजायचे आणि स्त्रीकेसर मोजायचे. पाच पुंकेसर असतील तर हा वर्ग, वीसहून जास्त असतील तर तो. देवचाफा पाचवाल्यांत गेला. सोनचाफा आणि सीताफळ दोघंही 'पुष्कळ पुंकेसर, पुष्कळ स्त्रीकेसर' या एकाच कप्प्यात पडले. बरोबर पडले! पण त्याच कप्प्यात त्यांच्याशी काही संबंध नसलेली इतरही झाडं होती, कारण कप्पा मोजणीचा होता. ही दोघं एकमेकांसारखी का, हे विचारण्याची लिनियसला गरज नव्हती. देवानं जितकी रूपं सुरुवातीला घडवली तितक्या जाती, असं त्याचं सुरुवातीचं म्हणणं होतं. पुढं एक रानफूल त्याच्याकडं आलं. एरवी तिरक्या, एका बाजूला सोंड असलेल्या फुलाचं ते झाड, आणि याची फुलं मात्र चहूबाजूंनी सारखी. १७४४ साली त्यानं त्यावर लिहिलं आणि तो बराच अस्वस्थ झाला. त्याच्या नावाचा आदर मला या अस्वस्थतेमुळं वाटतो.

देवचाफ्याच्या प्रजातीचं, म्हणजे जातीच्या वरच्या पायरीचं, नाव प्लुमेरिया. ते प्ल्युमिये या फ्रेंच संन्यासी वनस्पतीतज्ज्ञाच्या नावावरून आलं. याच प्ल्युमियेनं १७०३ साली वेस्ट इंडीजमधल्या एका झाडाला मॅग्नोल या आपल्या देशबांधवाचं नाव दिलं, मॅग्नोलिया. आणि आपला सोनचाफा आता मिशेलिया राहिलेला नाही. त्याची फुलं पानांच्या बगलेत येतात आणि मॅग्नोलियाची फांदीच्या टोकाला, एवढ्या फरकावर दोन प्रजाती वेगळ्या धरल्या होत्या. डीएनए तपासल्यावर कळलं की मिशेलियाची सगळी मंडळी मॅग्नोलियाच्याच झाडाची एक फांदी आहेत. म्हणून सोनचाफा आज मॅग्नोलिया चंपाका. आजीच्या अंगणात ज्यांचं रक्ताचं काही नातं नव्हतं त्या सोनचाफा आणि देवचाफ्याची नावं तिकडं फ्रान्समध्ये अशी एकमेकांत गुंतली होती. आणि तो मॅग्नोल, ज्यानं १६८९ साली वनस्पतींसाठी 'कुटुंब' ही कल्पना पहिल्यांदा पद्धतशीर मांडली, त्याला प्रोटेस्टंट म्हणून माँपेलिएच्या विद्यापीठात जागा नाकारली गेली होती.

स्पीशीज हा लॅटिन शब्द 'पाहणे' या धातूवरून आला आहे. त्याचा मूळ अर्थ रूप, दिसणं. आपण त्याला मराठीत 'जाती' म्हणतो, आणि जाती येते 'जन्' धातूपासून. जन्म, जनक, प्रजा सगळी त्याच घरची. (वर्तमानपत्रं स्पीशीजला 'प्रजाती' म्हणतात, पाठ्यपुस्तकात प्रजाती म्हणजे त्याच्या वरची पायरी. वर्गात दर वर्षी माझा एक तास हा गुंता सोडवण्यात जायचा.) त्याच्यावर कूळ, त्याच्यावर गण. आपली सगळी परिभाषा नातेवाइकांची आहे. लॅटिन शब्द विचारतो 'दिसतोस कसा', मराठी शब्द विचारतो 'जन्मलास कुठून'. लिनियसपासून डार्विनपर्यंतचा शंभर वर्षांचा प्रवास मला या दोन शब्दांमधला प्रवास वाटतो.

डार्विन त्या मुक्कामाला काही एका झेपेत पोचला नाही. १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षं तो बार्नकल्सचा अभ्यास करत होता. आपल्या किनाऱ्यावर भरतीच्या रेषेत खडकांना आणि होड्यांच्या बुडाला चिकटलेली, पायाला कापणारी पांढरी कवचं असतात, ती हीच. नमुन्यांमागून नमुने त्यानं भिंगाखाली फोडले. १८५३ साली हूकर या मित्राला त्यानं लिहिलं, की मी काही रूपं वेगळ्या जाती म्हणून लिहून काढतो, मग कागद फाडून त्यांची एकच जात करतो, ते फाडून पुन्हा वेगळ्या करतो आणि मग पुन्हा एक. दात खाऊन मी जातींना शिव्या दिल्या, आणि ही शिक्षा भोगायला मी काय पाप केलं असेल असं स्वतःला विचारलं. ज्यानं कधी टेबलावर शंभर नमुने पसरून दोन ढीग करायचा प्रयत्न केला आहे त्याला हे पत्र वाचताना डोळ्यांत पाणी येईल. मला आलं होतं. मधले नमुने कुठल्या ढिगात टाकायचे? प्रत्येक नमुना शेजारच्यापेक्षा किंचित वेगळा असतो, आणि हा किंचित फरक म्हणजे चूक किंवा मळ नसून तोच खरा माल आहे, हे डार्विनला त्या आठ वर्षांत हातानं कळलं. १८५९ च्या ग्रंथात त्यानं वर्गीकरणावर स्वतंत्र लिहिलं. वंशाचं एकत्व हाच तो लपलेला धागा, जो निसर्गाचे अभ्यासक नकळत शोधत होते, असं त्याचं म्हणणं. म्हणजे लिनियसच्या कप्प्यात सोनचाफा आणि सीताफळ शेजारी का बसले याचं उत्तर इतकंच होतं, की फार मागं कधीतरी त्यांचा पूर्वज एक होता.

मग दोन जाती वेगळ्या नेमक्या केव्हा होतात? मुलं हे विचारायची आणि मी त्यांना कोकणातल्या वाटणीचं उदाहरण द्यायची. दोन भाऊ एका घरात राहतात. एक दिवस चूल वेगळी होते. चार वर्षांनी मधे भिंत येते. दहा वर्षांनी सातबारा फुटतो. गणपती मात्र एकच असतो, आणखी एका पिढीनं तोही दोन ठिकाणी बसतो. कधीतरी नातवंडांच्या काळात सुतक पाळणंही थांबतं. यातल्या कुठल्या दिवशी एका घराची दोन घरं झाली? तलाठी एक तारीख सांगेल, सुना दुसरी सांगतील, भटजी तिसरी. जीवशास्त्रज्ञांचंही तसंच आहे. अर्न्स्ट मायरनं १९४२ साली म्हटलं, आपापसांत प्रजनन होतं तोवर एक जात, ते थांबलं की दोन. प्राण्यांना हे बरंच लागू पडतं. पण वनस्पतींत दूरच्या जातींचाही संकर होतो, आणि जिवाणूंना तर नर-मादीच नाही. कुणी डीएनएतल्या फरकावर तारीख ठरवतं, कुणी राहणीवर. सगळे आपापल्या जागी खरे असतात. घरं दोन झाली यात शंका नसते, तारखेत असते.

हापूसचं उदाहरण मात्र मी वर्गात कधी पूर्ण सांगितलं नाही, ते इथं सांगते.

आपण म्हणतो 'आंब्याची जात'. हापूस, पायरी, रायवळ, सगळे शास्त्राच्या हिशेबात मँगिफेरा इंडिका ही एकच जाती. हापूसचा बाठा मातीत पुरला तर हापूस येत नाही. येतो तो काहीतरी रायवळ, कधी आंबट, कधी धाग्याचा, क्वचित आईपेक्षाही गोड. कारण बाठ्यात दोन झाडांचं मिश्रण असतं, आणि मिश्रणातून दर वेळी नवीन काही निघतं. हापूस हापूसच राहायला हवा असेल तर कलम बांधावं लागतं, म्हणजे तेच एक झाड तोडून तोडून पुढं न्यावं लागतं. शुद्ध जात टिकवायची असेल तर जन्म थांबवावा लागतो. बागेत ते ठीक आहे. आंब्याचं कलम करताना आंब्याला कुणी गावाबाहेर ठेवत नाही.

सुरुवातीला मी आजीचं सांगितलं, पण सगळं सांगितलं नाही. "कोणाचो रे तू?" याच्या उत्तरावर ती निवायची हे खरं, पण पाणी कशातून द्यायचं तेही त्याच उत्तरावर ठरायचं. काहींना तांब्या-भांडं. काहींसाठी पडवीच्या वळचणीला एक जर्मनचा पेला खोचून ठेवलेला असे, पाणी त्यात वरून ओतलं जाई, आणि तो पेला ज्याचा त्यानं विसळून परत खोचायचा. लहानपणी मला तो पेला नुसता पेला वाटायचा. 'जाती' या शब्दाची व्याख्या फळ्यावर लिहिताना पुढं अनेकदा तो डोळ्यांपुढं आला आणि खडू थांबला. समोर बसलेल्या मुलांपैकी काहींच्या आजोबांनी असे पेले विसळले असणार.

'वज्रसूची' नावाची एक जुनी संस्कृत रचना अश्वघोष या बौद्ध कवीच्या नावावर आहे. तीत एक युक्तिवाद असा: हत्ती, घोडा, बैल यांच्या पावलांचे ठसे वेगळे, पण ब्राह्मण आणि शूद्र यांच्या पावलांत फरक दाखवा. आणि दुसरा फणसाचा. फणसाला फांदीवर फळ येतं, खोडावर येतं, मुळापाशी येतं. वरचं फळ ब्राह्मण आणि बुंध्याचं शूद्र म्हणायचं का? कोकणातल्या माणसाला याहून स्पष्ट कसं सांगणार? बुंध्याचा फणस तर आम्ही आधी काढतो, हाताशी असतो म्हणून. लिनियसच्या कितीतरी शतकं आधी कुणीतरी 'जाती' हा शब्द कुठं लागतो आणि कुठं लागत नाही याची इतकी स्वच्छ चाचणी सांगून ठेवली होती. लिनियसनं स्वतः मात्र माणूस या एका जातीत रंगावरून चार प्रकार पाडले आणि प्रत्येकाला स्वभावही चिकटवले. इतका मोठा निरीक्षक इथं पाहायचं विसरला.

डीएनएनं आता याचा जमाखर्चही मांडला आहे. हैदराबादची सीसीएमबी ही संशोधन संस्था आणि अमेरिकेतलं हार्वर्ड विद्यापीठ यांच्या शास्त्रज्ञांचा २०१३ सालचा अभ्यास सांगतो, की साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात या देशातले लोक एकमेकांत भरपूर मिसळले. आज अगदी एकटे राहिलेले समाजसुद्धा त्या मिश्रणातून सुटलेले नाहीत. जातीतल्या जातीत लग्नं करण्याची कडक रीत नंतरची. आधी सगळं रायवळ होतं, मग कलमं बांधली गेली. 'कोणाचो' हा प्रश्न आजी दोन-तीन पिढ्यांवर थांबवायची. डार्विननं तो थांबवला नाही, इतकाच दोघांमधला फरक. न थांबता विचारत गेलं की वळचणीचा पेला ठेवायला कुठली पिढीच सापडत नाही.

हे सगळं मी आजीला असं कधी बोलून दाखवू शकले नाही. पण एक श्रावण आठवतो. तिची नजर तेव्हा अधू झाली होती. सोनचाफ्याला फुलांबरोबर फळंही धरली होती. पायरीवर बसून मी तिच्या एका हातात सोनचाफ्याच्या फळांचा घोस दिला, दुसऱ्यात सुपारीएवढं कच्चं सीताफळ. चाफ्याच्या एका फुलातून कितीतरी फळं होतात, एका दांड्यावर सुट्टी सुट्टी, राखट टिपक्यांची. सीताफळाच्याही एका फुलात तितक्याच अंडपी असतात, पण त्या वाढताना एकमेकींना चिकटतात, आणि म्हणून बाहेरून ते डोळे डोळे दिसतात. एक डोळा म्हणजे एक अंडपी. आजीनं अंगठ्यानं आधी चाफ्याचा घोस चाचपला, मग सीताफळाचे डोळे एकेक करत मोजल्यासारखे दाबले. मग पुन्हा घोस.

"ह्या कोणाचा?" तिनं सीताफळ वर धरून विचारलं.

"सोनचाफ्याचं चुलत. फार फार लांबचं, दहा कोटी वर्षांपलीकडचं. हे तिकडं अमेरिकेत वाढलं, पोर्तुगीजांच्या वेळी इकडं आलं."

"लांबचा झाला म्हणान काय झाला," ती म्हणाली, आणि सीताफळाच्या झाडाखाली नेऊन बसव म्हणाली. उशिरा आलेली चार-दोन फुलं फांदीवर खाली तोंड करून लोंबत होती, हिरवी, जाड, तीन पाकळ्यांची. इतकी वर्षं ते झाड परसात होतं, पण त्याचं फूल आमच्याकडं कुणी कधी हुंगलं नव्हतं. आजीनं एक खुडलं, पाकळी चिमटीत चुरडली, नाकाशी नेली आणि बराच वेळ तशीच बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवांच्या तबकात सोनचाफ्याच्या बाजूला सीताफळाची तीन हिरवी फुलं ठेवलेली होती.